वयाचा रकाना

स्कॅन विभागात आकडे सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘वयवाल्या बाई’ म्हणतात, आणि हे नाव त्यांनी कष्टानं कमावलंय. अठरा वर्षांपूर्वी त्या खिडकीशी फॉर्म भरून घ्यायला लागल्या. समोरचा कण्हत असो की रडत, यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “वय किती, पूर्ण?” फॉर्म भरता भरता त्या मेंदूच्या चित्रांचं संख्याशास्त्रही शिकल्या. कुणाकडून, ते नक्की सांगता येत नाही, कारण ज्याला एकदा शंका विचारल्या तो दुसऱ्या दिवसापासून बाई दिसल्या की जिना बदलायचा.

त्यांची धाकटी बहीण कपडे शिवते आणि अर्धशिशीनं बेजार असते. विभागातल्या सरांनी अर्धशिशीच्या चाळीस रुग्णांचे मेंदू मशीनमधून पाहिले, त्यात ही एक. तुलनेला चाळीस निरोगी माणसं. आकडे आले: रुग्णांचा मेंदू सरासरीनं लहान! सरांचे पाय जमिनीला लागेनात. आता निबंध छापायला धाडायचा, एवढंच बाकी होतं. कॉरिडॉरमधली ही कुजबुज बहिणीच्या कानावर गेली आणि तिनं कात्री खाली ठेवली.

“ताई, मेंदू आटतोय म्हणे माझा. उद्या माप घेऊन विसरले तर? लोकांच्या कापडाचं वाटोळं नको. शिलाई मशीन विकते मी.”

“महिनाभर थांब,” बाई म्हणाल्या. “आधी मला वयं बघू दे.”

वयं बघितली आणि बाईंनी कपाळाला हात लावला. निरोगी म्हणून वरच्या मजल्यावरचे विद्यार्थी धरून आणले होते, सगळे पंचविशीच्या आत-बाहेर. रुग्ण मात्र चाळिशी-पन्नाशीतले.

“सर, वयानं मेंदू तसाही थोडा आटतो. तुम्ही धुतलेलं कापड कोऱ्या कापडाशेजारी ठेवलंत आणि शिंप्याला चोर ठरवलंत.”

“मग घाला की वय गणितात!” सर वैतागले. “तुमचाच लाडका रकाना आहे.”

बाईंनी वय घातलं. वर्षाला मेंदू किती आटतो हे संगणकानं काढलं, तेवढा परिणाम बाजूला केला, आणि दोन गटांतला फरक चक्क नाहीसा झाला. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटायला धावलं असतं. बाई मात्र पडद्यावरचे ठिपके बघत बसल्या. डावीकडे तरुणांचा घोळका, उजवीकडे रुग्णांचा, मध्ये ओसाड माळ.

“आता काय राहिलं?” सरांनी विचारलं. “मी हरलो, तुम्ही जिंकलात.”

“कुणीच जिंकलं नाही, सर. निरोगी चाळिशीतला माणूस आपल्याकडे एकही नाही. दहा वर्षांच्या पोराचं माप घेऊन त्याच्या चाळिशीचा कोट बेतल्यासारखं झालंय. वय आणि आजार एकमेकांत गुंतलेत. वय काढताना आजारही निघून गेला असला तर?”

“बाई, बहीण आहे तुमची त्यात. सुटली म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

“बहीण आहे म्हणून तर नको.”

मग तीन आठवडे बाईंनी माणसं गोळा केली. लिफ्टवाले काका, धुलाई विभागातल्या बायका, शिवाय अर्धशिशीचे तरुण रुग्णही, म्हणजे दोन्ही गटांत सगळी वयं येतील. एका निवृत्त नर्सनं वयातली चार वर्षं गिळली होती. बाईंनी जन्मतारखेचा दाखला मागून ती बाहेर काढली. खुद्द बाईंचा दीर मशीनमध्ये शिरताना म्हणाला, “वहिनी, डोक्यात काहीच निघालं नाही तर माझ्या बायकोला कळवू नका हं.”

“तिला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “हलू नका.”

या वेळी ठिपके एकमेकांत मिसळले. वय धरून पुन्हा तुलना झाली. एकूण मेंदूत फरक नव्हता. एका जागी किंचित उरला, तोही निरोगी माणसांत आपापसात जेवढा असतो त्याहून कमी. सरांनी कुरकुरत निबंध पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतला. बाई साडीला हात पुसत तडक बहिणीच्या दुकानात गेल्या. मशीनवर चादर टाकलेली होती.

“गोड बोलू नकोस, ताई. खरं सांग.”

“एका जागी जरासा फरक दिसतो. तो आहे, मी लपवणार नाही. पण मेंदू आटलेला नाही. तुझ्या वयाच्या कुठल्याही बाईचा असतो, तसाच आहे.”

“म्हणजे म्हाताऱ्या बाईचा.”

“सेहेचाळीस पूर्ण.”

“पंचेचाळीस!”

“फॉर्म मी भरलाय.”

बहीण हसली, डोळे पुसले, आणि मशीनवरची चादर ओढून काढली. मग गळ्यात टेप अडकवून ताईला उभं केलं.

“हात वर कर. ब्लाउजचं माप घेते.”

“अगं, आहे ना तुझ्या वहीत.”

“ते दहा वर्षांपूर्वीचं,” बहीण म्हणाली. “त्यावर बेतायची माझी छाती नाही.”