गिरणीची चाचणी

गावात वीज प्रथम आली त्या दिवसाची कथा ठाणे-बेलापूर पट्टीत घरोघरी सांगितली जाते. तिची तीन रूपे माझ्या टिपणवहीत आहेत. ऐरोलीकडच्या रूपात म्हातारा झोपण्यापूर्वी दिवा फुंकत बसतो. खाडीकाठच्या रूपात तो दिव्यावर विडी पेटवू पाहतो. तिसऱ्यात सासू सुनेला विचारते, "याच्यान तेल कुठशी घालतस गो?" अशा कथा एकदा जमू लागल्या की थांबत नाहीत, एक सांगावी तर ऐकणारा दोन काढतो! मात्र रबाळे आणि तुर्भे यांच्या मधल्या एका गावातले रूप या तिन्हींहून वेगळे आहे. त्यात दिवा नाहीच, गिरणी आहे. त्या काळी लग्नगीते टिपून घेण्यासाठी मी तिथे नेमाने जात असे, त्यामुळे हे रूप मला कोणी सांगितलेले नाही. मी ते पाहिले आहे.

* * *

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज सकाळी वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन चाले. अध्यक्ष अर्थात सरपंच हिराजी पाटील. पंचवार्षिक योजना, धरणे, परकीय चलन यांपैकी कोणताही विषय त्यांना परका नव्हता. एके दिवशी कारखान्यांकडे जाणाऱ्या नव्या तारांकडे बोट दाखवून ते गरजले, "पानी कोयनेचा, वीज तुर्भ्याला, आन् आमचे डोक्यावर निसती तार! ह्या काय नियोजन हाय?"

रस्त्याने मंजुळाकाकी चालली होती. ती गावची धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी बाई. तिच्यावाचून कोणाचे लग्न लागत नसे. न थांबता ती म्हणाली, "डोक्यावर हाय तं खाली उतरवा ना! भाषान कोनला देता?"

तिला घाई होती. मिठागरात पडून तिचे मनगट मोडले होते आणि धाकट्या मुलीचे लग्न चैत्रात ठरले होते. साऱ्या गावाच्या भाकऱ्यांचे तांदूळ दळायचे, तर जाते कोण ओढणार? मुंबईच्या कापडगिरणीत नोकरी करून परतलेल्या काशिनाथने पिठाची गिरणी आणून ठेवली होती. पण विजेवाचून तिच्यावर कोंबड्या बसत.

* * *

वीज खात्याचे साहेब आले. देशावरचे, मितभाषी गृहस्थ. म्हणाले, "तीस घरांचे अर्ज द्या, खांब टाकतो."

अर्ज लिहायला मी बसलो. दिवसभरात अर्ज आले दोन! कारण सरळ होते. मागे एकदा कागदावर अंगठे उमटले होते आणि खाडीकडची शेते कारखान्यांकडे गेली होती. "मास्तर, आमी अंगठा दिला का जमीन जाते," लोक मला समजावून सांगत, "आता घर तेवढा राह्यलाय."

तिसऱ्या दिवशी काकी ओट्यासमोर उभी राहिली. "आयका! ज्याचा अंगठा नाय, त्याचे मांडवान मी नाय!"

संध्याकाळपर्यंत एकतीस अर्ज झाले. साहेबांनी ते तपासले आणि एकावर त्यांचे बोट थांबले. "हा अर्जदार तर होडीत राहतो. मीटर कुठे बसवू?"

काकी म्हणाली, "त्याला चार पोरी हायत, साहेब. त्यो काय करील?"

* * *

खांबांची आखणी झाली. एक खांब नेमका हिराजींच्या अंगणात आला. ओट्यावर वीज मागणारा हा लोकनेता अंगणात मात्र आडवा झाला. "वीज पायजे, आमचा विरोध नाय. पन खांब शेजारचे आंगनान घाला!"

"दादा," काकी म्हणाली, "धरनाखाली लोकांची गावं बुडाली, तवा पेपर वाचून तू टाल्या वाजवल्यास. तुजी तं निसती तुलस सरकतेय!"

हिराजींनी तुळशीवृंदावन स्वतःच्या हाताने सरकवले. पुढच्या निवडणुकीत त्या खांबावर पहिला फलक त्यांचाच लागला, हेही नोंदवले पाहिजे.

* * *

तारा जोडल्या गेल्या आणि नवीच अडचण उभी राहिली. उद्घाटनाला एक मोठे पुढारी यायचे होते. त्यांची तारीख मिळाली ती लग्नानंतरची! हिराजी म्हणाले, "त्यांचे हाताशिवाय बटन दाबता येनार नाय. शिष्टाचार हाय."

काकी साहेबांच्या कचेरीत गेली. मी सोबत होतो. तिने एवढेच विचारले, "साहेब, त्यो पुढारी बटन दाबल आन् यंत्र चाललाच नाय, तं?"

 साहेबांनी कागद पुढे ओढला आणि लिहिले: 'उद्घाटनापूर्वी यंत्राची चाचणी आवश्यक.' वर पाहून विचारले, "चाचणीसाठी धान्य किती आणाल?"

"लगनाचं सगलं!" काकी म्हणाली.

* * *

चाचणीच्या सकाळी गावातल्या बाया तांदळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन गिरणीत आल्या. साहेब घड्याळ घेऊन उभे होते. लग्नाच्या पहिल्या दळणाला गाणे लागते. जात्याचा घास भरत भरत गणपतीपासून गावदेवीपर्यंत आणि मग पितरांपासून मामेकुळापर्यंत साऱ्यांना मांडवात बोलवायचे असते. काशिनाथने पहिली पाटी ओतली, बटण दाबले आणि काकीने सूर लावला. बायांनी तो उचलला.

दुसरे कडवे चालू असतानाच पाटी रिकामी झाली. काशिनाथने अभिमानाने यंत्र थांबवले.

"झाला, काकी! पीठ तयार!"

गाणे थांबले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आरं, थांबलास कनाला?" काकी ओरडली. "देव आर्दे वाटेवर हायत! पितरांना तं आजून हाक पन नाय मारली!"

"पन पहिला दलन तं संपला ना! आता दुसरी पाटी घालतो."

"दुसरी कशी चालल? पहिल्या दलनाचा गाना पहिल्याच दलनावर होते!"

काशिनाथने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी घड्याळ खिशात ठेवले.

मग काशिनाथने दळलेले पीठ पुन्हा गिरणीच्या तोंडात ओतले आणि बटण दाबले.