कावीळ सांगितली, डायलिसिस लपवलं

"यांचं हृदय अशक्त झालंय. रक्त नीट पुढं ढकलत नाही." नगरच्या डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून सांगितलं. मला वाटलं, रिपोर्ट दुसऱ्याचाच असेल. आमचे मालक पन्नाशीचे, तंबाखूला शिवत नाहीत, दोन्ही वेळा सहा गाईंच्या धारा काढतात. धाप लागायची, पाय सुजायचे, पण ते दमल्यामुळं असं मी धरून चालले होते.

"पूर्वी कधी आयसीयूत होते?"

"न्हाई," मी लगेच म्हणाले. इतकी सवय झाली होती.

खरं तर दोन वर्षांपूर्वी अंगात जंतुसंसर्ग पसरून हे नऊ दिवस आयसीयूत होते. अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी झाली, म्हणजे किडनीचं काम अचानक बंद पडलं. तीनदा डायलिसिस केलं, मशीननं रक्त शुद्ध केलं. मग लघवी पुन्हा नीट व्हायला लागली, आम्ही पारनेरकडं घरी आलो. दर तीन महिन्यांनी तपासायला या, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण त्याच वेळी लेकीची सोयरीक शेवगावला जुळत होती. डायलिसिस म्हटलं की पाहुणे घराण्यातच खोट काढतील, ही माझी धास्ती. कावीळ झाली होती असं सांगायचं मीच ठरवलं. फाईल धान्याच्या कोठीमागं सारली. दवाखान्यात कुणी बघू नये म्हणून तपासणीही बंद. लग्न छान झालं.

हे हळूच म्हणाले, "सांग की आता. लेक नांदती आपली."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, किडनी सुधारली तरी अशा पेशंटना पुढं कित्येक वर्षं हृदयाचा धोका जास्त असतो. बीपी, रक्त, लघवी तपासत राहावं लागतं."

"वेळेवर आलो असतो तर?"

"कदाचित आधीच लक्षात आलं असतं."

मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले, तर यांनीच मला पाणी आणून दिलं.

आता गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय, सूज उतरलीय. तुमच्या घरी कुणी आयसीयूतून किडनी सुधारून आलं असेल, तर बाई गं, तपासणी चुकवू नका.

परवा विहीणबाई आल्या. मी पदर सावरून एकदाचं खरं बोलले. त्या म्हणाल्या,

"तवाच सांगायचं न्हाई का? आमी रोज डबा पोचवला असता."

मला रडू आवरेना. याच माणसांच्या भीतीनं मी दोन वर्षं यांचा बीपीसुद्धा मोजू दिला नव्हता.