सारखा विझणारा हिटर

भिवंडीतले कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली. बंद पडलेलं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात; डोकं मागाहून येतं.

गेल्या थंडीत आईचे गुडघे फार आखडले, म्हणून मानकोलीच्या गोदामात कामाला असलेल्या मेव्हण्यानं गॅसचा एक हिटर आणून दिला. छोट्या सिलिंडरवर चालणारा, कुठेही उचलून नेता येणारा. शेलार गावातल्या आमच्या घरात, आईच्या खोलीत मी तो सकाळी लावायचो. जाळी लाल व्हायची, आई पाय पुढे करायची आणि अर्ध्या तासात हिटर आपोआप विझायचा. आई कपाळ दाबत बसलेली असायची. मला वाटायचं, झोप झाली नसेल.

चार दिवस मी हात धुऊन त्या हिटरच्या मागे लागलो. नळीला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. रेग्युलेटर बदलला. शेजारच्या लूमशेडमधली सुताची धूळ अडकली असेल म्हणून बर्नर ब्रशनं साफ केला. पडवीत लावला तर तासभर शहाण्यासारखा जळला. आत आणला की पुन्हा तेच. माझं टाळकं सटकलं.

आमच्या लूमवर एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो लूम थांबवतो. पण जुने लूम उगाचच थांबायला लागतात, म्हणून आम्ही तो काटा सरळ तारेनं बांधून टाकतो. मग धागा असो नसो, लूम चालत राहतो. हे भिवंडीत कुणाला शिकवावं लागत नाही. हिटरच्या ज्योतीपाशी मला तसलीच एक बारीक कांडी दिसली. पाचव्या दिवशी मी पक्कड आणि तार घेऊन बसलो. हिचाही बंदोबस्त करायचा आणि ड्युटीवर निघायचं.

आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "भायेर चालतो, घरान न्हाय चालत. मंग त्याचा काय चुकला? माझा डोका पन घरानच जड होतो."

माझा हात थांबला. शेडची खटखट आणि धूळ नको, म्हणून त्या खोलीची खिडकी लावून मीच तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या उपटल्या, खिडकी सताड उघडली. खटखट आली, गारवा आला, आणि हिटर काही विझला नाही. मग कुठे खोक्यातला कागद वाचला. कोंदट खोलीतला प्राणवायू कमी झाला की ती कांडी गॅस बंद करते, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

बिघाड नव्हताच. कांडी बांधून, दार ओढून मी कामाला गेलो असतो. परत आल्यावर काय दिसलं असतं, ते मी अजून मनात पुरतं येऊ देत नाही.

हे आईला सांगायला मला आठवडा लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चार दिस तू त्या हिटरलाच बघत व्हतास. मना एकदा तरी इचारलास काय, कसा वाटतो म्हनून?"