लॉबीतली माटोळी

आमच्या घरामागच्या डोंगरावर गोल्फचं रिसॉर्ट झालंय, ते एका कुटुंबाचं आहे. शेट, मॅडम आणि परदेशात शिकून आलेला मुलगा. दर सोमवारी आम्हा नोकरांना रांगेत उभं करून मॅडम सांगतात, "आपण सगळे एकच कुटुंब." कसलं डोंबलाचं कुटुंब! घरची माणसं मागच्या दाराने आत येतात का? स्पामध्ये तर मेणबत्त्या लावून तेच खोबरेल चोळतात, जे कंबर धरली की आमची आई चोळते. मी तिथे गवताचा सुपरवायझर. कुठलीही गाय तोंड लावणार नाही असं गवत बारा महिने हिरवं ठेवायचं, हे माझं काम.

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी मॅडमनी बोलावलं. लॉबीत गणपती बसणार, पाहुण्यांना गोव्याची माटोळी दाखवायची. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, रानफळांनी भरलेली. मॅडमनी त्यासाठी किवी आणि ड्रॅगन फ्रूट मागवलं होतं. मला हसू आवरेना.

"हसतोस काय? मग खरी फळं आण. आणि उद्या सकाळी तूच बांध."

उद्या सकाळी! आमच्या घरी माटोळी बाबा बांधायचे. आता त्यांचे हात थरथरतात. त्यांनी मला बजावलं होतं, यंदा तू बांधायची, दहाला भटजी येतात त्याच्या आधी. रिकाम्या चौकटीखाली गणपती बसवत नाहीत. मी हे मॅडमना सांगितलं. "मग नऊला जा ना," त्या म्हणाल्या. "फॅमिली फर्स्ट!"

कवंडळ, कांगलां ही फळं, हरणांची रानफुलं, सगळं पूर्वी याच डोंगरावर मिळायचं. गोल्फसाठी ते रान तण म्हणून मारलं. औषध मीच फवारलं. मग डिचोलीच्या बाजारात जाऊन इब्रामपूरहून आलेल्या एका बाईकडून दोन वाटे विकत घेतले, एक लॉबीचा, एक घरचा, आणि दोन्ही रिसॉर्टवरच ठेवले.

सकाळी सहाला शिडीवर चढलो. आठला माटोळी तयार. मॅडम म्हणाल्या, जरा डावीकडे घे, फोटोत झुंबर येतं. सोडली, परत बांधली. मुलगा म्हणाला, रंग नीट दिसत नाहीत, आंबाडे खाली घे. परत सोडली. नारळ पडून संगमरवर फुटेल म्हणून नारळच काढायला लावला. नारळाशिवाय माटोळी, बघा तरी! एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र "येस मॅडम, येस मॅडम" करत राहिलो. अजून माझीच मला लाज वाटते.

घरचा वाटा घेऊन घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भटजी पूजा आटपून गेलेले. त्यांना त्या दिवशी वीस घरं. गणपती बसला होता. वरच्या चौकटीला परसातल्या सुपारीचा एकच घोस, तोही अर्धा सुटून लोंबत होता. बाबांनीच बांधायला घेतला असणार.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तेंची बरी बांदलीस मरे?"

मी हो म्हटलं. खरंच बरी बांधली होती.