हळद लागलेला बॉक्स

"लाइट बंद कर! आणि हात मागं ठेव!" वैदेही मॅडम माझ्यावर ओरडल्या.

मी लाइट बंद केली. मॅडमनी काळा दिवा लावला. काळा दिवा म्हंजे यूव्हीचा. डोळ्याला न दिसणारी घाण त्याच्यात चमकते. बॉक्सवर पाच बोटं चमकत होती. पिवळी-हिरवी, काजव्यासारखी.

"हे काय आहे?"

"बोटं हायत, मॅडम."

"ते दिसतंय मला!"

आमची संस्था पनवेलची. सरकारी नाय, कंपनी बी नाय. नफा काढायचा नाय, नुसतं संशोधन. उपग्रहात बसणारी इलेक्ट्रॉनिक्सची पेटी इथं बनते, तिला सगळे बॉक्स बोलतात. मी चौथी नापास. क्लीन रूममध्ये, म्हंजे जिथं धूळ चालत नाय त्या खोलीत, मी फरशी पुसतो आणि आत जाणाऱ्यांना कोट, टोपी, ग्लोव्हज देतो. संशोधनात माझा वाटा एवढाच. त्याच्यातच मी घोळ घातला.

आदल्या दिवशी बेलपाड्याला माझ्या भाचीची हळद होती. आमच्या आगऱ्यांत हळद म्हंजे लग्नाहून मोठी. मी अख्खी संस्था बोलावली. आमच्या बाया हळदीत तेल घालतात आणि नवरी सोडून दिसंल त्याला फासतात. डायरेक्टर सरांना कानापर्यंत फासली. सर नाचले बी.

आता वर अवकाशात हवा नाय. तिथं तेलाचा डाग हळूहळू उडतो आणि शेजारच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतो. म्हणून डाग असलेला बॉक्स कोण घेत नाय. संध्याकाळी न्यायला गाडी येणार होती. ती रिकामी गेली असती तर उपग्रह आमच्या बॉक्सशिवाय उडाला असता आणि मॅडमची चार वर्षांची मेहनत पाण्यात.

"नवे ग्लोव्हज द्या सगळ्यांना," मॅडम बोलल्या. मी दिले. मॅडम आणि दोन इंजिनियर, तिघांनी स्पिरिटनं बॉक्स पुसला. परत काळा दिवा. आता पंधरा बोटं.

"पुसल्यावर वाढतात कशी?" मॅडम रडायच्या बाकी होत्या.

सर बोलले, "थांबा. आधी रूट कॉज शोधू. मीटिंग घेऊ."

मीटिंग! गाडी वाटेत, आणि हे खुर्च्या मांडतायत.

मॅडमनी दिवा बॉक्सवरून काढून आमच्यावर मारला. सरांचे कान पेटले. दोन इंजिनियरांच्या माना पेटल्या. माझ्यावर दिवा आला तर मी अख्खाच पेटलो, भुवयांसकट.

"ग्लोव्हज कोण देतं?"

"मी. एक-एक काढून, अदबीनं, हातात."

"उघड्या हातानं?"

"साबणानं धुतलेल्या, मॅडम." मी हात पुढं केले. हात पण पेटलेले. "मीटिंग नका घेऊ सर. रूट कॉज मीच, लिवून टाका."

"हळदीला कोण आलं नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

एकच माणूस. अकाउंट्सचे जोशी काका. त्यांना डीजे सोसत नाय.

काकांना धरून आणलं. "मी? अहो, माझा चष्मासुद्धा बायको पुसते!" पण पर्याय नव्हता. त्यांनी नवं पाकीट स्वतः फोडलं, ग्लोव्हज घातले, एकटेच आत गेले. आमी सगळे काचेबाहेर. माइक मॅडमकडं होता, पण ओरडत सगळेच होते.

"काका, हळू!"

"उलटं कापड नको!"

"स्क्रूची खाच राहिली!"

काका वळले. "एक जण बोला! नाहीतर हा बॉक्स इथंच ठेवून मी डबा खायला जातो."

सरांसकट सगळे काचेपासून मागं सरले. मॅडम एकट्या सांगत राहिल्या, काका कपाळाला आठ्या घालून पुसत राहिले. शेवटी त्यांनी काळा दिवा धरला. बॉक्स काळाकुट्ट. काळोख बघून माणसं टाळ्या वाजवतात, हे मी पहिल्यांदा बघितलं.

बॉक्स गाडीत चढला. मॅडम माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाय.

मग राहिलेली मीटिंग झालीच. नियम निघाला: कुणाच्याही घरी हळद असो, क्लीन रूमचा एक तरी माणूस तिकडं न जाता कोरा राहणार. तो माणूस म्हणून सगळ्यांनी एकमतानं माझं नाव दिलं. पुढल्या महिन्यात माझ्याच पोराची हळद हाय.

बायकोला सांगितलं. ती बोलली, "बरं झालं. तुमी नसले तर हळद टायमावर तरी लागंल."