महिरपीतले ताट

इथे गुजरातेत, गोत्री भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर गुलाबांची लागवडच केली. मेणकापडावर गुलाब, मेलामाइनच्या ताटांवर गुलाब, आणि कोशिंबिरीशेजारी टोमॅटोच्या सालीचा एक गुलाब, शेजारणीने शिकवलेला. सुगंध एकालाही नाही. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले, तरी कचेरीच्या आवारात पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देत आलो आहे; अस्सल आणि नक्कल यांतला फरक मला कळतो.

त्या रविवारी मुलीच्या लग्नाचा निकाल लागायचा होता. तिने आणि मुलाने आपसात सर्व ठरवलेच होते. आमच्याकडे प्रकरण केवळ मंजुरीसाठी आले. मुलाचे वडील गुजराती वैष्णव. मराठी घरात मासळी शिजते, या धास्तीने त्यांनी कळवले होते की, एकदा जेवून पाहू आणि मग सांगू.

"अहो, पुरणपोळी केली आहे, तेवढं पुरे," सौ. म्हणाल्या.

"आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. व्याह्यांच्या ताटाला महिरप हवी."

पूर्वी मानकऱ्याच्या ताटाभोवती रांगोळीची कमान काढीत. ती मी छापील गुलाबांवर खऱ्या गुलाबपाकळ्यांनी स्वहस्ते रचली. पाकळ्या उडू लागल्या, म्हणून पंखा बंद केला. वैशाख होता.

"बाबा, उकाड्यानेच नाही म्हणतील ते," मुलगी म्हणाली.

"मान मिळताना कोणाला उकडत नाही."

बापलेक आले. मी व्याह्यांना महिरपीपाशी नेले. त्यांनी ताटाला हात जोडले आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसले. मी पुष्कळ आग्रह केला. ते हळूच म्हणाले, "पहेलां ठाकोरजी जमी ले, पछी आपणे."

असे सजवलेले ताट त्यांच्याकडे ठाकोरजीपुढे, म्हणजे देवापुढेच ठेवतात; आधी तो जेवणार, मग आपण. माझ्या महिरपीचा मानकरी परस्पर बदलला होता. देवाचे जेवण होईपर्यंत आम्ही सर्व जण घाम पुसत, गार होणाऱ्या पोळ्यांकडे पाहत बसलो. खुलाशासाठी मी तोंड उघडले, तोच मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. न विचारलेली बाब अर्जात लिहू नये, हे मीच पक्षकारांना सांगत आलो आहे.

"दररोज थाळ धरावो छो?" रोज असा नैवेद्य दाखवता का, असे त्यांनी विचारले.

"रोज," माझ्याकडे न पाहता सौ. म्हणाल्या.

व्याह्यांचे डोळे पाणावले. "तो तो दीकरी अमारी थई गई."

मुलगी त्यांची झाली, प्रकरण मंजूर. लग्न झाले. व्याही आता न कळवता येतात, नेमके जेवणाच्या वेळी. त्यामुळे टेबलावर रोज एक ताट फुलांत सजते आणि मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. मुलगी माहेरी आली की सुरमई मागते. सौ. त्या ताटाकडे बोट दाखवतात.

"तुझ्याच लग्नापायी झालंय हे. गप वरणभात खा."