होटगी रोडचा वैमानिक

१९७४च्या उन्हाळ्यात मोहोळच्या श्रीमंत गुंडला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या, आणि दोन्ही विमान चालवायच्या. त्याच्याबरोबर लायसन मिळवलेली निम्मी पोरं अजून घरी बसून होती. एक बोलावणं सरकारी विमान कंपनीचं: हैदराबादला ट्रेनिंग, मग मोठ्या विमानात को-पायलट. दुसरं सोलापूरच्या नरसय्याशेठचं. शेठचे चादरींचे कारखाने. मुंबई-बंगलोरपर्यंत पसारा, म्हणून त्यांनी दोन इंजिनांचं, सहा माणसांचं छोटं विमान ठेवलं होतं. त्यांचे जुने पायलट कॅप्टन मिस्त्री आता निवृत्त होणार होते.

मोहोळात निकाल आधीच लागला होता. वडील रावजी यांचा जन्म ट्रकवर गेलेला. ते म्हणाले, "सरकारी ते सरकारी. शेठचा डायवर मी बी हुतो की. मालकानं हाक मारली की ताटावरनं उठायचं. तुला बी त्येच करायचं हाय व्हय?"

आई केराबाईला टोपीचं कौतुक. "कंपनीची टोपी असती न्हवं? ती घालून एकदा गावातनं फिर, बाबा."

श्रीमंत हसला, पण वडिलांचं बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी होटगी रोडच्या विमानतळावर जाऊन त्यानं मिस्त्रींनाच गाठलं. म्हातारा पंखाखालच्या सावलीत चहा पीत होता.

"तिकडे गेलास तर शिस्त शिकशील," मिस्त्री म्हणाले. "शेजारी अनुभवी कॅप्टन, हवामान बघायला वेगळा माणूस. दहाएक वर्षांनी जेट हातात येईल. इथे सगळं तूच. तेल तूच बघायचं, बॅगा तूच चढवायच्या, शेठचं काम होईपर्यंत परक्या गावात बसून राहायचं. आणि हवा वाईट असली तर शेठना तोंडावर नाही म्हणायचं. ते सगळ्यात कठीण."

"ते मला जमेल," श्रीमंत म्हणाला.

"तोंडानं सगळ्यांनाच जमतं. उद्या शेठना बेळगावला न्यायचंय, तूही चल."

येताना मिस्त्रींनी विमान त्याच्या हातात दिलं आणि स्वतः हात बांधून बसले. सोलापूरला आडवा वारा सुटला होता. श्रीमंतनं नाक वाऱ्याकडे वळवून धरलं, शेवटच्या क्षणी सरळ केलं आणि चाकं अलगद टेकवली. मागे नरसय्याशेठ घोरत होते, ते विमान थांबलं तरी घोरतच राहिले. मिस्त्री नुसते हसले. श्रीमंतचं मन तिथंच ठरलं. दहा वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नवी पेठेतल्या पेढीवर जाऊन त्यानं शेठना होकार दिला, पण वर एक अट घातली. "जमिनीवर तुम्ही सांगाल ते ऐकीन. विमान उडवायचं की नाही, कुठं उतरवायचं, ते मात्र मी ठरवणार."

शेठनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरगा तिखट आहे की!" म्हणाले आणि कबूल झाले.

अटीची कसोटी जुलैतच लागली. मुंबईत सुताचा मोठा सौदा ठरायचा होता. पुण्याच्या पुढे खंडाळ्यावर काळ्या ढगांची भिंत उभी होती. शेठ मागून ओरडले, "घाल की मधून! मिस्त्री नेहमी घालायचे!"

"मिस्त्री कधीच घालत नव्हते, शेठ," श्रीमंत म्हणाला आणि विमान वळवून पुण्यात उतरवलं.

शेठ टॅक्सीनं घाट उतरून गेले. मुंबईत पोचेपर्यंत सौदा दुसऱ्यानं उचलला होता. पुण्याहून विमानानं परतताना त्यांनी तोंडापुढे धरलेला पेपर सोलापूरपर्यंत खाली घेतला नाही. आता आपली नोकरी गेली, असं श्रीमंतनं गृहीत धरलं. पण त्याला पश्चात्ताप नव्हता. पुन्हा तसाच ढग आला असता तर तो पुन्हा वळला असता.

चार दिवसांनी शेठचा निरोप आला: अहमदाबादला जायचंय. विमानतळावर गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग श्रीमंतकडे. "काय कॅप्टन, जायचं का आज?"

तोवर ते त्याला 'पोरा' म्हणत.

पुढं सरकारी कंपनीनं पुन्हा जाहिरात काढली, तेव्हा श्रीमंतनं अर्जसुद्धा केला नाही. परक्या गावात वाट बघत बसणं मात्र त्याला शेवटपर्यंत आवडलं नाही. ते तो उघड बोलून दाखवी.

रावजींचा रुसवा दोन वर्षं टिकला. मग एका दिवाळीत शेठनीच त्यांना विमानात बसवायला सांगितलं. रावजी मुलाच्या शेजारी पटका सावरून बसले. विमान वर गेलं, मोहोळची घरं काड्यापेटीएवढी झाली. ते समोरच्या तबकड्यांवरचे काटे निरखू लागले.

"ह्याला हॉर्न न्हाय व्हय रं?"

"न्हाय, दादा."

"आन् म्होरं कुणी आलं तर?"

"मीच बाजूला व्हतो."

रावजींनी मान डोलावली. "ब्येस हाय," ते म्हणाले, आणि जन्मभर ट्रक चालवलेला टेंभुर्णीचा रस्ता कुठं दिसतो ते खिडकीतून शोधू लागले.